मुकुंदवाडी स्टेशन आणि आपण अपडाऊनवाले : आपापले अनुभव लिहा

मराठवाड्यात लोकल नाही, पण लोकलनं जावं तशी माणसं रोज जातात. ऑक्टोबर २०२५ मध्ये औरंगाबादच्या मोठ्या स्टेशनचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, तेव्हा पाटीचे फोटो सगळ्यांनी टाकले. जालन्याकडून येताना एक स्टेशन अलीकडं असलेल्या मुकुंदवाडीचा फोटो काही कुणी टाकला नाही. म्हणून हा धागा. जुन्या आठवणी, सोयी-गैरसोयी, गमती, काहीही चालेल.

जालन्याचा पासवाला
चिकलठाणा एमआयडीसीत कामाला आहे. मोठ्या स्टेशनला उतरलो तर रिक्षानं उलटं यावं लागतं, म्हणून मुकुंदवाडी. सिडको, हायकोर्टाकडची मंडळीही इथंच उतरतात. काळा कोट घडी करून हातावर, फायली छातीशी.
अपडाऊनमधला खरा विषय म्हणजे क्रॉसिंग. आपल्याकडं रूळ एकच. समोरून एक्स्प्रेस आली की आमची गाडी बाजूला. डब्यात लगेच मोबाईल निघतात, समोरची गाडी कुठं आली ते बघायला. पत्त्याचा डाव चालू असेल तर कुणाला फिकीर नसते. दोघं-चौघं खाली उतरून सिग्नलकडं तोंड करून उभे. कुणी तरी ‘येऊ लागली, येऊ लागली’ ओरडतो, पाच मिनिटं काहीच येत नाही. मग एकदम धडधड, एक्स्प्रेस निघून जाते आणि खालचे दांडीला लटकत आत. लेटमार्क लागला की सुपरवायझरला ‘क्रॉसिंग’ एवढंच सांगतो. त्यालाही पाठ झालंय.

मीटरगेजवाला
आमच्या घरात तीन पिढ्या रेल्वेत. १९०० साली निजामाच्या काळात हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेची मीटरगेज मनमाडपर्यंत आली. मनमाडच्या पुढं ब्रॉडगेज, त्यामुळं मुंबईला जायचं म्हणजे तिथं गाडी बदलणं आलंच. ट्रंक, वळकटी, पोरं आणि पाण्याची सुरई, सगळं या फलाटावरून त्या फलाटावर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रूळ रुंद झाले तेव्हा आमच्या आजीला पटेचना की आता मनमाडला उतरायचं नाही. मुकुंदवाडीला महत्त्व आलं ते सिडकोमुळं. वसाहती वाढल्या आणि शहरच पूर्वेला, रुळांकडं सरकत आलं.

करमाडची लेक
मुलींनो, पदवीपर्यंत घर ते कॉलेज सेकंड क्लासचा मासिक पास फुकट मिळतो! मुलांना बारावीपर्यंत. कॉलेजचा दाखला लागतो. माझ्या वर्गातल्या दोघी वर्षभर एसटीचे पैसे मोजत होत्या, कारण कुणी सांगितलंच नाही. माझं शिक्षण याच पासवर झालं, म्हणून हे लिहिलं. बाकी परीक्षेच्या दिवशी मात्र गाडीवर विसंबायचं नाही, एक आधीची पकडायची.

वस्तीतली
मी स्टेशनच्या जवळच राहते. २०१९ च्या टंचाईत आमच्याकडची पोरं रिकामे कॅन घेऊन गाडीत चढायची, मोठ्या स्टेशनला नळावर भरायची आणि परतीच्या गाडीनं यायची. परदेशातल्या वृत्तसंस्थेनं दाखवलं तेव्हा कुठं गाजलं. २०१६ ला लातूरला मिरजेहून पाण्याची आख्खी गाडी आली होती, ‘जलदूत’. आमच्याकडं पोरंच जलदूत. गाडी थांबते किती, त्यात भरलेले कॅन उतरवायचे! पोरगं आधी उडी मारणार, आतून कुणी तरी कॅन सरकवणार. काही प्रवासी ‘दारात ओलं कामून केलं’ म्हणून खेकसायचे, पण अपडाऊनवाल्यांपैकी एक मामा पोरांसाठी दार अडवून उभे राहायचे, शेवटचा कॅन उतरेपर्यंत.

परभणीकर
आम्हालाही पास मिळायला पाहिजे राव. नोकरी तिकडं, घर इकडं. रोज तिकीट काढून परवडत नाही.

जालन्याचा पासवाला
पासची हद्द १५० किलोमीटर, दादा. परभणी त्याच्या बाहेर जाते. सेलूवाल्यांना बसतो पास. आमच्या डब्यात सेलूचे आहेत, जागा आधीच धरून बसलेले असतात, तो वेगळा वाद.

सेलूकर
लांबून आम्ही येतो, तर बसायचं कुणी? रुमाल टाकला म्हणजे जागा झाली, असं जालन्यात असेल.