जळालेलं जंगल साफ करायचं की तसंच ठेवायचं? (सिएरा नेवाडातले वणवे आणि पक्षी)

रानभूल
कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत मोठा वणवा विझला की एक मागणी हमखास पुढे येते: काळी पडलेली झाडं तोडा, लाकूड विका, नवी रोपं लावा. २०१३ च्या रिम वणव्यात योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूचं अडीच लाख एकरांहून जास्त रान जळलं, तेव्हाही हेच झालं. सरसकट तोडीला माझा ठाम विरोध आहे.

तिथला काळ्या पाठीचा सुतार पक्षी पाहा. जळक्या खोडाला चिकटून बसला तर हलेपर्यंत दिसत नाही. नराच्या डोक्यावरचा पिवळा ठिपका तेवढा उठून दिसतो. आग सरली की लाकूड पोखरणारे भुंगेरे मेलेल्या झाडांवर अंडी घालायला येतात. त्यातल्या काहींना तर आगीची धग दुरून ओळखणारी इंद्रियंच असतात. सालीखाली अळ्या पोसतात आणि सुतार साल सोलून त्या टिपतो. त्याने सोडलेल्या ढोल्यांत मग दुसरे पक्षी आणि उडत्या खारी बिऱ्हाड करतात. सात-आठ वर्षांत अळ्या सरतात आणि सुतार पुढचं जळीत शोधतो. तोपर्यंत लाकूड उचललं, तर त्याने खायचं काय?

पण हाच सुतार घरटं करताना बहुधा हिरव्या झाडांपासून फार लांब जात नाही. घरट्यातून नुकती बाहेर पडलेली पिल्लं जिवंत झाडांच्या आसऱ्याला राहतात आणि मोठी झाली की काळ्या रानात शिरतात. म्हणजे एकाच कुटुंबाला दोन्ही रानं लागतात. सिएरा नेवाडातल्या ९७ वणव्यांनंतरच्या पक्ष्यांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. जिथे आग कुठे तीव्र, कुठे सौम्य अशी लागली, तिथे पक्ष्यांची विविधता जास्त आढळली आणि वर्षं सरली तसा हा फरक वाढत गेला.

सॅक्रामेंटोकर
पक्षी मान्य, पण तिथे माणसं राहतात हो. २०१८ साली पॅराडाइज गाव जळलं, ८५ माणसं गेली. वठलेली झाडं रस्त्यावर, विजेच्या तारांवर पडतात. दहा वर्षांनी तेच ओंडके आडवे पडतात, मध्ये झुडपं माजतात आणि पुढच्या आगीला आयतं जळण मिळतं. आमच्याकडे धूर आला की मुलांना घरात कोंडून ठेवावं लागतं. हे लांबून लिहिणाऱ्याला कळत नाही.

रानभूल
रस्ते, वस्त्या, तारा यांच्या कडेची झाडं तोडा, त्याबद्दल वादच नाही. मी आतल्या रानाबद्दल बोलतोय. तिथे ट्रक जाईल तिथवरची मोठी खोडं आधी उचलतात, कारण भाव त्यांनाच असतो. आणि सुतारालाही नेमकी जाड खोडांची दाटीच लागते.

देवराई
मला काळजी वेगळी आहे. ‘वणवा पक्ष्यांसाठी चांगला’ एवढंच लोक लक्षात ठेवतील. २०१४ चा किंग वणवा आठवा. जवळपास निम्मं क्षेत्र तीव्र जळलं आणि त्यातला मोठा भाग सलग. ठिपकेदार घुबडाच्या ज्या जागा बहुतांश अशा जळल्या, त्या ओस पडल्या. या घुबडाला जुनी, दाट सावलीची झाडं लागतात. शिवाय अशा सलग काळ्या पट्ट्याच्या मधोमध पाइन-फरचं बी पोचत नाही, कारण ते आईझाडापासून फार लांब पडत नाही. तिथे कित्येक दशकं नुसती झुडपं.

मीनाक्षी_प
देवराई, घुबडांच्या त्या निष्कर्षावर शास्त्रज्ञांतच वाद झालाय. काही जागा आगीच्या आधीच रिकाम्या होत्या आणि आगीनंतरच्या तोडीचा परिणाम वेगळा काढलेला नाही, असा आक्षेप आहे. लहान जळक्या तुकड्यांच्या कडेला हीच घुबडं शिकार करतात. मात्र सलग पट्ट्यांबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि ते पट्टे का वाढले तेही बघा. १९३५ पासून अमेरिकी वनखात्याचा दंडक होता की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची. मिवोकांसारखे मूळ रहिवासी थोडं थोडं रान मुद्दाम जाळत, त्यावरही बंदी आली. जळण साठत गेलं, त्यात तापमान वाढलं.

तेंदूपान
कृपा करून हे आपल्याकडे लावू नका. सह्याद्रीतला वणवा बहुतेक माणसाने लावलेला, गवत आणि पाचोळ्यावरून धावणारा, त्याच डोंगरावर वर्षाआड नाही तर दरवर्षी. टिटवी, रातवा यांची अंडी जमिनीवर असतात, ती भाजतात. जळक्या लाकडावर जगणारा तसा सुतार आपल्याकडे नाही. जाळरेषा (वणवा अडवायला आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे) वेळेत काढा, हीच आपली मागणी असायला हवी.

रानभूल
तेंदूपान, शंभर टक्के. हा धागा सिएरापुरताच.

सॅक्रामेंटोकर
मग नेमकं सांगा, आतलं किती रान सोडायचं?

रानभूल
सरसकट एक आकडा देणं मला पटत नाही. हिरव्या रानाला लागून असलेले, जाड खोडांचे दाट तुकडे पहिली आठ वर्षं कुऱ्हाडीपासून दूर ठेवा. फार मोठ्या पट्ट्याच्या मधोमध रोपं लावायला माझी हरकत नाही. आणि हिरव्या रानात ठरवून, थंड हवेत, लहान लहान आगी लावा.

सॅक्रामेंटोकर
ठरवून लावलेली आग हाताबाहेर गेली तर जबाबदार कोण? याचं उत्तर मिळेपर्यंत माझं मत तोडीच्याच बाजूने.