मदत हवी आहे: घरामागचे उंच गवत जॉन्सन ग्रास हे बाहेरून आलेले उपद्रवी तण आहे की मूळचे प्रेअरी (उत्तर अमेरिकेतील माळरानाचे) गवत?

माळरानी: कुंपणालगत डोक्याच्या वर गेलेले गवत स्थानिक कार्यालयाने जॉन्सन ग्रास ठरवले असून शुक्रवारपर्यंत ते मुळासकट काढण्याची नोटीस बजावली आहे. मला ते इथलेच बहुवर्षायू गवत वाटते आणि तसे असेल तर एक काडीही उपटायची नाही. पानांचा फोटो जोडला आहे, कृपया लवकर सांगा.

रानवाटा: नुसत्या पानांवरून काय सांगणार? राज्य कोणते, तुरा आला आहे का, हे लिहा. तुऱ्याला एकाच ठिकाणाहून तीन बोटे फुटली असतील तर ते बिग ब्लूस्टेम, म्हणजे इथलेच प्रेअरी गवत.

कॅन्सासकर: नाव काहीही असो, वसंतात पेटवून द्या. आमच्या कॅन्सासमधल्या फ्लिंट हिल्स टेकड्यांवर माळ असेच जाळतात आणि गवत नव्या जोमाने येते.

रानवाटा: मोकळ्या माळावर जाळणे वेगळे आणि लाकडी कुंपणाशेजारी जाळणे वेगळे. शिवाय जॉन्सन ग्रासची जमिनीखालची जाड खोडे आगीने मरत नाहीत.

हिरवळप्रेमी: त्या जागी केंटकी ब्लूग्रास लावा. सप्टेंबरात पेरल्यास छान रुजते.

माळरानी: हिरवळ नको आहे. मी इलिनॉयमध्ये, शिकागोच्या पश्चिमेला राहते. तुरा सोनेरी-तपकिरी, दाट, पिसासारखा आहे आणि दाण्यांना पिळाची कुसळे आहेत. तीन बोटे नाहीत.

रानवाटा: मग बिग ब्लूस्टेम बाद. आता पान हलकेच मागे वाकवून, ते काडीला बिलगते तिथला आतला पापुद्रा पाहा. त्याला बंदुकीवरच्या नेम धरण्याच्या खाचेसारखी दोन ताठ टोके असतील तर ते इंडियनग्रास, हेही इथलेच मूळचे गवत. पापुद्र्याऐवजी केसांचा झुबका असेल तर स्विचग्रास, तेही मूळचेच.

जिरायती: जॉन्सन ग्रास ज्वारीच्याच वंशातले आहे, त्यामुळे ज्वारीचे शेत पाहिलेल्याला ते ओळखता यावे: पान रुंद, मधली शीर ठळक पांढरी आणि तुरा सैल, पसरट, जांभळट छटेचा.

माळरानी: दोन टोके स्पष्ट दिसतात. पान अरुंद, निळसर हिरवे आहे आणि बुडाशी अधिकच निमुळते होते.

रानवाटा: इंडियनग्रासच आहे. तुऱ्याचे आणि पापुद्र्याचे जवळून काढलेले फोटो जोडून लेखी हरकत आजच द्या आणि नमुना इलिनॉय विद्यापीठाच्या एक्स्टेंशन (लोकांना शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या) कार्यालयात दाखवा.

जिरायती: त्याआधी नोटीस नीट वाचा. कार्यालयाचा आक्षेप गवताच्या उंचीवरही असेल, तर ते मूळचे असल्याचे सिद्ध करून भागणार नाही. मूळच्या गवताच्या लागवडीसाठी उंचीच्या नियमातून सूट मिळते का, हे त्याच अर्जात विचारा.