आईच्या लॉकरमधील गिन्न्या: मोडाव्यात की ठेवाव्यात?

धरमपेठवासी (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार. गेल्या वर्षी आमच्या आईचे निधन झाले. वडील त्यापूर्वीच गेले होते. लॉकर उघडला तेव्हा त्यात सहा गिन्न्या (ब्रिटिश राजवटीतील सोन्याची नाणी), एक सोन्याची मोहोर आणि काळ्या गोफात ओवलेली पुतळ्यांची माळ निघाली. हे सारे तिला लग्नात माहेरहून, म्हणजे अमरावतीहून, मिळालेले होते. गिन्न्यांपैकी दोहोंना गळ्यात घालण्यासाठी कडी जोडलेली आहे. उरलेल्या चार नुसत्या आहेत. लक्ष्मीपूजनाला त्या पाटावर मांडल्या जात, त्यामुळे जॉर्ज राजाच्या दाढीच्या खाचांत हळदीकुंकू अजूनही अडकलेले आहे. मोहोरेवर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असून मागे 1862 हे साल आहे.

आम्ही तीन भावंडे. पुण्यातील धाकट्या भावाचे मत असे, की दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेलेला असताना हे सोने अंधारात ठेवून लॉकरचे भाडे भरण्यापेक्षा सरळ मोडावे आणि त्याचे पैसे गृहकर्जात घालावेत. यवतमाळची ताई म्हणते, की आईच्या वस्तूला सराफाच्या मुशीत घालण्याचा विचारही नको. मी नागपुरातच असल्यामुळे, आणि लॉकरला नामनिर्देशन माझे असल्यामुळे, निर्णय जणू मलाच करावयाचा आहे असे दोघेही धरून चालले आहेत. इतवारीत एका दुकानी विचारले असता, बावीस कॅरेटच्या भावाने घेऊ आणि घट (वजनातील तूट) कापू, एवढेच उत्तर मिळाले. वजनाच्या भावाने देणे योग्य आहे काय? जुनी नाणी म्हणून अधिक काही मिळू शकते काय? आणि विकल्यास कर किती लागेल?

महालचा नाणेसंग्राहक

आपण ज्याला एक प्रश्न समजत आहात, ते माझ्या मते तीन वेगवेगळे प्रश्न आहेत, कारण या लॉकरमधील सर्व वस्तू एका जातीच्या नाहीत.

प्रथम कडी जोडलेल्या दोन गिन्न्या पाहू. कडी जोडण्यासाठी डाख (वितळवलेल्या धातूचा सांधा) लावताना नाण्याची कड वितळते आणि त्याबरोबर संग्राहकाच्या लेखी त्याची किंमतही जाते. या दोन्ही आता केवळ सोने आहेत आणि सोन्याच्या भावानेच जातील. मोडावयाचे ठरलेच, तर आरंभ यांच्यापासून करावा. घट कापण्याला काही अर्थ असेल तर तो इथेच आहे, कारण डाखात सोन्याखेरीज दुसरे धातू असतात.

नुसत्या चार गिन्न्यांची गोष्ट निराळी. खरी गिन्नी 7.98 ग्रॅम वजनाची व बावीस कॅरेटची असते आणि तिच्यात 7.32 ग्रॅम शुद्ध सोने असते. हे प्रमाण टाकसाळीने ठरवलेले असल्यामुळे न झिजलेल्या गिन्नीवर घट मागण्यास कोणताही आधार नाही. हे आपण दुकानात शांतपणे सांगावे. मात्र आपल्याकडे लग्नकार्यासाठी स्थानिक कारागिरांनी पाडलेल्या गिन्न्याही पुष्कळ फिरतात. तेव्हा आधी वजन करा, व्यास 22 मिलिमीटर भरतो का ते पाहा, आणि कॅरेट मोजण्याच्या एक्स-रे यंत्रावर तपासून घ्या. कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. ती रेघ कायमची राहते.

नंतर भिंग घेऊन गिन्नीच्या मागील बाजूवरील घोडेस्वाराच्या घोड्याच्या पायाखालची जमीन पाहा. सालाच्या अगदी वर एखादे बारीक रोमन अक्षर असेल, तर ते टाकसाळीचे चिन्ह होय: एस म्हणजे सिडनी, एम म्हणजे मेलबर्न, पी म्हणजे पर्थ, एसए म्हणजे प्रिटोरिया. आय असेल तर ती मुंबईची. मुंबईत गिन्नी केवळ 1918 या एका सालची पाडली गेली. तीही सुमारे तेरा लाख निघाल्यामुळे दुर्मीळ म्हणता येणार नाही. तरीही भारतातील संग्राहक तिला वजनाहून काहीसे अधिक देतात.

मोहोर मात्र सराफाच्या तराजूत टाकण्याची घाई करू नका. तिचे वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे जुना पुरता एक तोळा, आणि ती खरी व न घासलेली असेल तर नाण्यांच्या लिलावात धातूच्या किमतीहून बरीच अधिक रक्कम येऊ शकते. एक विनंती आहे: हळदकुंकू काढण्यासाठी चिंच, रिठा किंवा पॉलिश यांपैकी काहीही लावू नका. संग्राहकाला डाग चालतो, ओरखडा चालत नाही.

करसल्लागार, सिव्हिल लाइन्स

कराचे उत्तर त्या मानाने सरळ आहे. वारसाने मिळालेल्या सोन्यावर ते मिळताना कर नाही; मृत्युकर आपल्याकडे 1985 मध्येच रद्द झाला. कर विकताना लागतो. आपल्या मातोश्रींकडे ते 1 एप्रिल 2001 पूर्वीपासून असल्यामुळे त्या दिवसाची बाजारातील किंमत हीच आपली खरेदी किंमत धरता येते, आणि त्यांचा मालकीचा काळ आपल्या काळात मिळवला जात असल्यामुळे नफा दीर्घकालीन ठरतो. 23 जुलै 2024 पासून अशा नफ्यावर साडेबारा टक्के दर असून महागाईची वजावट मिळत नाही.

समजण्यापुरते, दहा ग्रॅम शुद्ध सोन्याचा भाव एक लाख धरा. एका गिन्नीचे 73,200 रुपये येतील. 2001 मधील भाव दहा ग्रॅमला चार हजारांच्या थोडा वर होता, म्हणजे त्यातून तीन हजारांच्या आसपास वजा होतील. उरलेल्या सुमारे सत्तर हजारांवर उपकरासह कर नऊ हजारांच्या घरात जातो. भावाने गृहकर्जाचा हिशेब हाती पडणाऱ्या या रकमेवरच करावा. 2001 च्या किमतीसाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला घेऊन ठेवा. ताईंचे अन्य उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा कमी असेल, तर त्यांच्या वाट्याच्या नफ्यातून उरलेली मर्यादा वजा होते.

तथापि याहून महत्त्वाची बाब अशी, की नामनिर्देशनामुळे आपण मालक झालेला नाहीत. मृत्युपत्र नसेल तर तिन्ही भावंडांचा वाटा समान आहे, विवाहित बहिणीचाही. म्हणून आधी तिघांच्या सह्यांचा लेखी करार करा, प्रत्येक नाण्याचे वजन व छायाचित्र त्यास जोडा, आणि मगच काय विकावयाचे ते ठरवा. पैसे बँकेतूनच घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास कायद्याने मनाई आहे.

बेसा रोड

एक वेगळे मत मांडतो. घरात सोने असावे हे मान्य. परंतु ज्याच्या डोक्यावर कर्जाचे व्याज चालू आहे त्याला व्याज न देणारी वस्तू सांभाळावयास लावणे हा त्या भावावर अन्याय आहे. सोने गहाण ठेवा असेही कोणी सुचवील, पण बँका नाण्यांवर कर्ज देताना 50 ग्रॅमची मर्यादा पाळतात, आणि जुन्या गिन्न्या तारण घ्यावयास शाखा सहसा राजी नसतात. बँका सोन्याची नाणी विकतात, विकत घेत नाहीत, तेव्हा तो मार्गही बंद. भावाला त्याचा वाटा मोकळा करून द्यावा.

धरमपेठवासी

सर्वांचे आभार. भिंगाखाली पाहिले असता नुसत्या चारांपैकी एकीवर 1918 आणि आय आढळले. दोहोंवर कोणतेच अक्षर नाही. चौथी मात्र 7.6 ग्रॅमच भरली आणि तिच्या कडेचे दातेही एकसारखे नाहीत. माझ्या मनात असे आले, की कडीच्या दोन व ही शंकास्पद एक भावाच्या वाट्याला, पुतळ्यांची माळ ताईला, आणि मोहोर माझ्याकडे, असे करावे काय?

महालचा नाणेसंग्राहक

अक्षर नसलेल्या दोन बहुधा लंडनच्या असाव्यात. तेथील टाकसाळ चिन्ह घालत नसे. 7.6 ग्रॅमवाली झिजून इतकी हलकी होणे संभवत नाही. ती स्थानिक घडणीची दिसते, तेव्हा तिचा कस यंत्रावर पाहिल्याशिवाय तिची किंमत धरू नका.

वाटणी अशी करू नये, असे स्पष्टच सांगतो. शंकास्पद नाणे भावाला आणि मोहोर स्वतःला, हे उद्या कोणालाही बोचेल, आणि त्यातून भाऊबंदकी उभी राहील ती सात नाण्यांच्या किमतीत मिटणार नाही. मोहोरेचे मूल्य एखाद्या प्रतिष्ठित लिलावगृहाकडून लेखी घ्या, बाकीच्यांचे सोन्याच्या भावाने करा, आणि किमतीचे तीन समान भाग पाडून जो जे ठेवील त्याने फरक द्यावा. भावाच्या वाट्यात अर्थातच मोडण्याजोगे तेवढे घाला, पण हिशेबाने. मोहोर परदेशी लिलावात पाठविण्याचा सल्ला कोणी दिल्यास ऐकू नका: शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तसेच रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून जुन्या नाण्यांसाठी कमिशन अगाऊ मागणारे फोन येतात. बँकेने 2021 मध्येच अशा लोकांपासून सावध केलेले आहे.

करसल्लागार, सिव्हिल लाइन्स

फरकाची रक्कमही त्या करारातच लिहा. आधी वाटणी न करता एकाने दुसऱ्याचा वाटा नंतर विकत घेतला, तर देणाऱ्याच्या दृष्टीने ती विक्री ठरू शकते आणि कराचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.