बायको पुन्हा एकटी बाहेर पडावी म्हणून मदत कुठे थांबवू?

प्रश्न

गेल्या वर्षी माझ्या बायकोला बसमध्ये पहिला पॅनिक अटॅक आला. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, आता आपण वाचत नाही अशी खात्री. हृदयाच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल निघाल्या. मनोविकारतज्ज्ञांनी पॅनिक डिसऑर्डर (असे अटॅक पुन्हा पुन्हा येणं) आणि ॲगोराफोबिया (जिथून चटकन निघता येणार नाही किंवा मदत मिळणार नाही अशा जागांची भीती) असं निदान केलं. गोळ्या चालू आहेत, थेरपीही सुरू आहे. अटॅक आता क्वचितच येतात, पण ती एकटी दाराबाहेर पाऊल टाकत नाही. ऑडिटच्या कामासाठी परगावी एकटी राहणारी बाई आता फोन वाजला तरी माझ्याकडे बघते. बँक, बिलं, डॉक्टरांची वेळ घेणं, सगळं हळूहळू माझ्याकडे आलं.

मला त्या कामांचं ओझं नाही. पण मागच्या भेटीत डॉक्टरांनी तिला "झोप कशी लागते?" असं विचारलं, तर तिनं माझ्याकडे पाहिलं. स्वतःच्या झोपेबद्दलसुद्धा मीच बोलावं अशी तिची अपेक्षा होती. ते माझ्या डोक्यातून जात नाही. मी मागे सरलो तर तिला वाटेल की मी कंटाळलो. नाही सरलो तर ती अशीच अडकून राहील. धीर धरा, होईल ठीक, हे बरेच जण सांगतात. तुमच्या घरी नेमकं काय केलंत ते सांगा.

प्रतिसाद १

मी वहिनींच्या जागी होते, म्हणून लिहिते.

अटॅक काही मिनिटांत टोकाला पोचतो आणि नंतर आपोआप ओसरतो. पण नवरा शेजारी असला की मन म्हणतं, तो होता म्हणून वाचले. निघून घरी आलं की मन म्हणतं, पळाले म्हणून वाचले. दोन्ही वेळा सुटका होते आणि भीती मात्र तशीच राहते. हे मला थेरपिस्टनं कागदावर काढून दाखवलं होतं, तरी पटलं नाही. रस्त्याच्या कोपऱ्यावर एकटी उभी राहिले, भीती चढली, मी हलले नाही आणि ती उतरली, तेव्हा पटलं.

आम्ही पायऱ्या लिहिल्या होत्या. आधी फाटकापर्यंत एकटी. मग कोपऱ्यापर्यंत, नवरा घरात. मग बसनं एक थांबा, नवरा पुढच्या थांब्यावर उभा. नंतर तो फक्त फोनवर, आणि शेवटी फोनही नाही. एकेक पायरी कंटाळा येईपर्यंत परत परत करायची. पुढची पायरी कधी घ्यायची ते मी ठरवणार, ही माझी अट होती आणि नवऱ्यानं ती पाळली. दिवस वाईट गेला तर खालच्या पायरीवर यायचं, त्यावर चर्चा नाही.

एक गोष्ट त्याला फार जड गेली. "मला काही होणार नाही ना?" असं मी सतत विचारायचे. थेरपिस्टच्या सांगण्यावरून त्यानं त्याचं उत्तर देणं बंद केलं. हे मला आधी सांगून, माझ्या संमतीनं. त्याऐवजी म्हणायचा, "भीती वाटतेय, दिसतंय मला. मागच्या वेळी काय केलं होतंस?" सुरुवातीला मला त्याचा संताप यायचा. पण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असायचं.

प्रतिसाद २

आमच्याकडे नवऱ्याला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल उदासीत जाण्याचा आजार, त्यामुळे गणित वेगळं. आजार भरात असताना एटीएम कार्ड आणि गोळ्या माझ्याकडे होत्या, आणि ते गरजेचंच होतं. पण बरं वाटायला लागल्यावर त्या गोष्टी परत कधी द्यायच्या हे कुणी सांगत नाही. घरचे तर म्हणतात, राहू दे की तुझ्याकडेच.

तो स्थिर असताना आम्ही दोघांनी बसून लिहून काढलं. झोप कमी होऊनही थकवा नसणं, रात्री नव्या योजना सुचणं, खर्च वाढणं ही त्याची आधीची लक्षणं. ती दिसली तर मी डॉक्टरांना फोन करणार आणि मोठे खर्च थांबणार. ती नसतील तेव्हा मी त्याच्या पैशांत आणि गोळ्यांत हात घालणार नाही. लिथियम या त्याच्या औषधासाठी करावी लागणारी रक्ततपासणी तो स्वतः ठरवतो. लक्षणं दिसली तर मी फोन करायचा हे वाक्य त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलंय, म्हणून मी डॉक्टरांना फोन केला तरी त्याला पाळत ठेवल्यासारखं वाटत नाही.

प्रतिसाद ३

मी मनोविकार विभागात समाजसेविका आहे. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा अभ्यास करून १९७२ साली मांडलं की, ज्या घरात सतत टीका होते किंवा घरचे प्रत्येक गोष्टीत अति गुंततात, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. पुढे नैराश्यातही असंच आढळलं. टीकेचं सगळ्यांना पटतं. अति गुंतणं हे प्रेमच वाटतं, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या ते लक्षात आलंय.

वहिनींची हरकत नसेल तर थेरपीच्या एखाद्या सत्राला तुम्हीही जा आणि पायऱ्या तिथेच ठरवा. गोळ्या कमी करायच्या झाल्या तर डॉक्टरच करतील, एकदम बंद नको. आणि जगण्यात अर्थ नाही असं बोलणं कधी कानावर आलं, तर मागे सरण्याचं सगळं बाजूला ठेवायचं. त्यांना एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिला विचारलं, पहिलं कुठलं काम परत घेशील? मला वाटलं होतं ती फाटकापर्यंतचं म्हणेल. ती म्हणाली, डॉक्टरांची पुढची वेळ मी फोन करून घेते. त्या वेळी मी खोलीत थांबू की बाहेर जाऊ?

प्रतिसाद १

त्यांनाच विचारा. खोलीत बसा म्हणाल्या तर बसा, पण अडखळल्या तरी फोन हातात घ्यायचा नाही. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं की सोपं जातं, मी तसंच करायचे. पुढच्या फोनला तुम्ही दुसऱ्या खोलीत. आणि डॉक्टरांकडे गेल्यावर झोपेचं त्यांनाच सांगू दे, कितीही वेळ लागला तरी.