शत्रूचा ताफा तीच चूक किती वेळा करणार?

मूळ धागा

गेले काही आठवडे अंतराळयुद्धाचा एक स्ट्रॅटेजी गेम खेळतोय. नाव मुद्दाम देत नाही, कारण हा आजार एकट्या त्या गेमचा नाही. जहाजं देखणी आहेत, शस्त्रांचा विचार बारकाईने केलाय. पण समोरचा शत्रू लढायला लागला की सगळी मेहनत वाया जाते.

परवाची लढाई सांगतो. माझ्याकडे १० क्रूझर, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, शत्रूकडे तशीच १५. मी एक स्वस्तातली फ्रिगेट, म्हणजे छोटं जहाज, पुढे काढली आणि शत्रूचा अख्खा ताफा तिच्या मागे धावत सुटला. ज्यांचं इंजिन अपग्रेड झालं होतं ती पाच जहाजं आधी पोचली, मग मधली पाच, मग उरलेली. मी तिन्ही तुकड्या गारद केल्या. पुढच्या लढाईत पुन्हा तीच फ्रिगेट, पुन्हा तोच पाठलाग. पहिले पाढे पंचावन्न.

ही चूक किती महागात पडते ते आकड्यांत बघा. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्लिश इंजिनीअरने वर्गाचा नियम मांडला: लांबून मारा करणाऱ्या दोन फौजांत ताकद संख्येच्या नव्हे, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात मोजायची. १५ जहाजं एकत्र आली असती तर २२५ वजा १००, म्हणजे १२५; त्याचं वर्गमूळ सुमारे ११. माझा पूर्ण ताफा बुडाला असता आणि शत्रूची ११ जहाजं उरली असती. तीच १५ पाच-पाच करून आली, तर १०० मधून तीनदा २५ वजा. उरले २५, म्हणजे माझी पाच जहाजं शिल्लक आणि शत्रूचं एकही नाही. फक्त एकमेकांसाठी न थांबल्यामुळे जिंकलेली लढाई हरली.

आणि यावर गेमचा उपाय काय? डिफिकल्टी वाढवली की शत्रूला फुकटचे रिसोर्स. म्हणजे आणखी जहाजं, तशीच रांगेत मरायला येणारी. हे मला मान्य नाही.

प्रतिसाद

तुमचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. शत्रूचं काम जिंकणं नाही. खेळणाऱ्याला काहीतरी शोधू देणं हे त्याचं काम. आमिष दाखवून ताफा फोडायचा, ही युक्ती तुम्ही शोधलीत तेव्हा आनंद झाला होता ना? तो आनंद या 'चुकी'तूनच आला.

सगळा ताफा एकाच वेळी तुमच्या एकाच जहाजावर तुटून पडतोय, दर सेकंदाला अचूक लक्ष्य बदलतोय, असा शत्रू बनवणं अवघड नाही. पण तो कुणाला आवडत नाही. 'सिव्हिलायझेशन' हा गेम बनवणाऱ्या सिड मायर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितलेलं आठवा. तीनास एक असं पारडं आपल्या बाजूने असताना खेळाडू हरला, तर त्याला नशीब वाईट होतं असं वाटत नाही. गेमने फसवलं असं वाटतं. माणसांना हरायचं नसतं, थोडक्यात वाचायचं असतं.

प्रतिसाद

मी गेम प्रोग्रॅमिंग करतो, म्हणून आतली बाजू. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावर ६० चित्रं, हव्या असतील तर एका फ्रेमला १६ मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. त्यातला मोठा वाटा चित्र काढण्यात जातो. उरलेल्यात शंभर-दोनशे जहाजांनी विचार करायचा, म्हणून प्रत्येक जहाज एकटं आणि थोडक्यात विचार करतं: सगळ्यात जवळचं कोण? मार त्याला. 'आपला ताफा' ही कल्पनाच त्याच्या डोक्यात नसते.

पण धागाकर्त्यांनी सांगितलेला दोष वेळेच्या तुटवड्याचा नाही, हे कबूल करायला हवं. हल्ल्याआधी एका बिंदूवर जमा व्हा, ताफ्याचा वेग सगळ्यात सावकाश जहाजाइतका ठेवा, अमुक अंतरापलीकडे पाठलाग करू नका. हे तीन नियम प्रोसेसरला काहीच जड नाहीत.

आणखी एक हमखास दिसणारा दोष: ३० टक्के कवच उरलं की पळा, ३० च्या वर गेलं की परत या. मग जहाज ३१ टक्क्यांवर परत येतं, मार खातं, पुन्हा पळतं. फ्रिजची मोटर ज्या तापमानाला बंद होते त्याच तापमानाला लगेच चालू होत नाही, मध्ये अंतर ठेवलेलं असतं. तेवढं अंतर इथेही ठेवायचं. साधी गोष्ट आहे, आणि तरी राहून जाते, कारण शस्त्रांचे आकडे शेवटपर्यंत बदलत असतात आणि एआय जुन्या आकड्यांवर बसवलेला असतो.

प्रतिसाद

नियम लिहिण्यापेक्षा शिकणारा एआय बसवला की प्रश्न सुटेल, असं मला वाटत होतं. मग 'स्टारक्राफ्ट २' हा स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्या अल्फास्टार या डीपमाइंडच्या एआयचे सामने पाहिले. दोन व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध दहापैकी दहा जिंकला. पण जानेवारी २०१९ च्या थेट सामन्यात 'माना' या खेळाडूने एक वाहक जहाज तळाच्या मागे आणून दोन-चार सैनिक उतरवायचे, फौज आली की उचलून न्यायचे, असं चालवलं. अल्फास्टारची अख्खी फौज पुढे निघायची आणि पुन्हा मागे वळायची. तो सामना माना जिंकला. म्हणजे तुमच्या फ्रिगेटचीच गोष्ट.

धागाकर्ता

अल्फास्टारचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे असं मी म्हणेन. चूक होणारच, मला अचूक शत्रू नकोच आहे. पहिल्या वेळी आमिषाला भुलला तर मी खूश होतो, हे पहिल्या प्रतिसादाचं म्हणणं शंभर टक्के मान्य. माझी तक्रार दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या वेळेची आहे. शोधाचा आनंद एकदाच मिळतो. त्यानंतर मी मोठ्या जहाजांचा, कवचांचा, व्यूहाचा विचारच सोडून देतो, कारण एका फ्रिगेटने काम होतं. बाकीचा गेम माझ्यासाठी बंद होतो.

प्रतिसाद (पहिल्या प्रतिसादाचाच लेखक)

हे वेगळं आहे, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी फुकटच्या रिसोर्सला सरसकट नावं ठेवू नका. २००९ च्या 'एआय वॉर'मध्ये शत्रूने आकाशगंगा आधीच जिंकलेली असते, त्याचे नियमच तुमच्याहून वेगळे असतात आणि गेम ते लपवत नाही. तुम्ही जितकं त्याच्या डोळ्यांवर याल तितका तो जास्त ताकद तुमच्यावर वळवतो. तिथे विषमता मला कधी खटकली नाही.

धागाकर्ता

प्रोग्रॅमर मित्रांनी सांगितलेलं करून पाहिलं. या गेमच्या मॉड फाइलमध्ये (खेळाडूला गेमचे आकडे बदलू देणारी फाइल) पळण्याचा आणि परतण्याचा आकडा वेगवेगळा देता येतो. परतण्याचा ७० केला, पाठलागाचं अंतर निम्म्यावर आणलं. एकत्र जमण्याचा नियम घालायची सोय नाही. काल रात्री फ्रिगेट पुढे काढली. शत्रू थोडा तिच्या मागे आला, थांबला आणि परत फिरला. फ्रिगेट तिथेच मोकळी उभी राहिली, आणि पुढे काय करायचं हे मला बराच वेळ सुचलं नाही. सेव्ह फाइल हवी असेल त्याने सांगा, पाठवतो.