घरची जुनी गाडी काढायची कधी? अनुभव सांगा

तुरीच्या शेंगा
काल दारव्ह्याच्या बाजारात वांगे निवडत होतो आणि समोरून एक पांढरी मारुती ८०० आली. मागच्या सीटवर मेथीचे गठ्ठे, डिक्की दोरीनं बांधलेली. नंबर वाचायच्या आधीच ओळखली, कारण मागच्या डाव्या दाराला जो पोचा आहे तो मी पाडलेला आहे, दहावीच्या सुट्टीत, गोठ्याच्या खांबाला घासून. बाबांनी १९९६ मध्ये घेतली होती अन् २००९ ला विकली. वांगे पारड्यात तसेच सोडून धावलो पण तोवर गेली. वांगेवाली बाई म्हणे, काय झालं भाऊ, पाकीट मारलं का.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. आता घरी २००६ ची वॅगन आर आहे. २०२१ ला पंधरा वर्षं झाली तेव्हा पासिंग करून कागद पाच वर्षं वाढवून आणले, फी होती ६००. आता परत तीच वेळ आली, अन् एप्रिल २०२२ मध्ये ती फी ५ हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारले १० हजार. पर्यावरण कर वेगळा, टायर वेगळे. बाबांचं एकच, "काय बिघडलं तिचं?" अन् खरंच इंजिनचं काही बिघडलं नाही, एका सेल्फात चालू होते, मिस्त्री म्हणते अजून लाखभर किलोमीटर जाईन. पण मागच्या महिन्यात पंक्चर झाली, जॅक लावला तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच पत्र्यात घुसला. कर्र आवाज आला अन् मूठभर लाल भुगा खाली पडला. बाबा बाजूलेच उभे होते. बोलले काही नाही, फक्त चपलेनं तो भुगा पसरून टाकला.

तुमच्या घरी कसं ठरलं?

धामणगाव पॅसेंजर
डिक्कीतून युरियाची पोती वाहिली का?

तुरीच्या शेंगा
वाहिली ना भाऊ. वीस वर्षं. युरिया, डीएपी, सरकी, एकदा तर बोकड पण.

धामणगाव पॅसेंजर
मंग झालं. खत सांडते, ओल धरते, पत्रा खाते. बाहेरून पेंट चकाचक अन् आतून चाळणी. मॅट उचलून पाहा, कमजोर काळजाच्या माणसानं पाहू नये. वेल्डिंगवाला पट्टी मारून देईन पण पट्टी मारायले तरी चांगला पत्रा लागते.

खामगावची सून
आमच्याकडे सुमो होती, मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची. लग्न होऊन आले तेव्हा माझी पाठवणी पण त्यातच झाली, पंधरा माणसं होती, कशी बसली विचारू नका. कुणाच्या घरी लग्न असो की कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, सुमो. शेगावला तर महिन्यातून दोनदा ठरलेलंच. ती इतकी उंच की आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, चढता यायचं नाही म्हणून सीटखाली एक लाकडी पाट ठेवलेला असायचा, गाडी थांबली की आधी पाट उतरायचा मग आत्याबाई. एकदा तो पाट शेगावच्या पार्किंगमध्येच राहिला, अर्ध्या वाटेतून परत गेलो, तर एक फुलवाली त्याच्यावर बसून हार ओवून राहिली होती. आत्याबाई म्हणे राहू द्या तिला. मामाजींनी नवीन पाट केला.

मग हळूहळू आत्याबाईंचं "तुम्ही जा, मले कणकण आहे" सुरू झालं. भाचीच्या लग्नाला नाही, बारशाला नाही. आम्हाला वाटलं वय झालं, मन लागत नसेल. दोन वर्षं कोणाच्या डोक्यात आलं नाही. एकदा माझा भाऊ त्याची छोटी गाडी घेऊन आला अन् सहज म्हणाला चला आत्या चक्कर मारून येऊ, तर या चपला घालून त्याच्या आधी गाडीत. मामाजी ओसरीवरून पाहून राहिले होते. दिवाळीच्या आत सुमो विकली. गाडी ठणठणीत होती, ज्यानं घेतली तो अजून कापूस वाहतो त्यात.

वऱ्हाडी जवाई
ताई पाठवणीत पंधरा माणसं म्हणजे नवरदेव कॅरिअरवर बसला होता काय 😄

खामगावची सून
नवरदेव मोटरसायकलवर मागून, धूळ खात. अजून बोलून दाखवतात.

मोर्शीची संत्री
माझा अनुभव मूर्खपणाचा आहे, सांगतो, निदान दुसरे वाचतील. टीव्हीवर बातमी पाहिली की दहा वर्षांवरच्या डिझेल अन् पंधरावरच्या पेट्रोल गाड्या बंद. बाबा घाबरले, मी घाबरलो, एजंट घरीच येऊन बसला, म्हणे आता भंगारात पण कोणी घेणार नाही. चाळीस हजारात दिली, आंब्या बहाराचा हंगाम सुरू होता, गाडीची गरज होती तरी. नंतर कळलं ते दिल्ली अन् एनसीआरचं, म्हणजे दिल्लीच्या आजूबाजूच्या भागाचं होतं. आपल्याकडे खाजगी कारला पंधरा वर्षांनी तपासणी करून दर पाच वर्षांनी कागद वाढवून मिळतात, गाडी पास झाली तर. ती गाडी आता माझ्या साळ्याच्या गावात फिरते. दर वेळी गेलो की तो मुद्दाम दाखवते.

कचेरीतला
सरकारी गाड्यांना मात्र सवलत नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाडीचं रजिस्ट्रेशन वाढवूनच मिळत नाही. आमच्या आवारात एक जीप तशीच उभी राहिली, चालू हालतीतली. आता बंपरमधून कडुनिंब निघाला आहे, डोक्याएवढा झाला. ड्रायव्हर रिटायर झाला तरी कधीमधी येतो, त्या सावलीत चहा पितो.

चांद्याचा उन्हाळा
इंजिन, पत्रा सगळं ठीक आहे हो, आमच्याकडे गाडीची परीक्षा मे महिन्यात होते. डिझेल गाडी होती, नाव नाही घेत, चौदा वर्षं चालली. शेवटच्या दोन उन्हाळ्यात काटा लालवर जायला लागला. रेडिएटर साफ केला, पाण्याचा पंप बदलला, मग हेड गॅसकेट. मिस्त्रीनं युक्ती सांगितली, काटा वर गेला की एसी बंद करून हीटर फुल सोडायचा, इंजिनची गरमी आत खेचली जाते. बरोबर आहे ते, काटा उतरते. पण विचार करा, मूल गावच्या रस्त्यावर बाहेर ४६ डिग्री, आत हीटर फुल, मागं दोन लेकरं अन् बायको. लेकराचे गाल टमाट्यासारखे. लहानी म्हणते बाबा आपण भाजून राहिलो का. त्या दिवशी घरी आलो तर बायकोनं भांडण पण केलं नाही, तेव्हाच समजलो.

लोक म्हणतात वर्षाचा रिपेअरिंगचा खर्च काढा, गाडीच्या किमतीशी ताडून पाहा. मी काढला होता, डायरी आहे माझी. खर्च नव्या गाडीच्या हप्त्याच्या निम्मा पण नव्हता. हिशेबानं ठेवायला पाहिजे होती. पण गाडी घराबाहेर काढायच्या आधी माणूस सोबत दुसऱ्या गाडीवाल्याचा नंबर घ्यायला लागला ना, की समजा झालं.

एक वाचक
उंदराचा काही उपाय आहे का? नवीन गाडी आहे पण वायर तीनदा कुरतडली.

धामणगाव पॅसेंजर
तंबाखूची पानं बोनटमध्ये ठेवा.

मोर्शीची संत्री
डांबर गोळ्या फडक्यात बांधून.

चांद्याचा उन्हाळा
आमचा उंदीर तंबाखूच्या पानावरच झोपला होता. रात्री बोनट उघडं ठेवा अन् दिवा लावा, उजेड असला की सहसा येत नाही. सोयाबीन निघालं की शेतातले सगळे घराकडेच येतात.

एक वाचक
सोयाबीनचं नाव काढू नका. २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ अन् व्यापारी ओलावा दाखवून कापते. म्हणूनच तर गाडी यंदा पण तीच.

वऱ्हाडी जवाई
मुद्द्याचं बोलतो थोडं. जुनी गाडी गावात, तालुक्याला, लग्नाला चालवा बिनधास्त, पण समृद्धीवर न्यायची असेल तर टायर बघा. सिमेंटचा रस्ता, उन्हाळा, १२० ची परवानगी, अन् आपले टायर नुसते नक्षी बघून "नवीनच आहेत" म्हणायचे. कमी फिरणाऱ्या गाडीची नक्षी तशीच राहते पण रबर कडक होते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १४१७ म्हणजे २०१७ चा चौदावा आठवडा. सासऱ्यांच्या गाडीचे मी पाहिले तर २०१४ सालचे निघाले, अन् स्टेपनी गाडीसोबत आलेली, कंपनीची! मी म्हटलं बदला, ते म्हणे अजून केस आहेत तिच्यावर, टायरला ते रबराचे केस असतात ना, ते. नवीन असल्याची खूण म्हणे. जवाई माणूस, किती बोलणार. मीच चार टायर टाकून दिले. आता ते सगळ्यांना सांगतात गाडी अजून दहा वर्षं काढणार, जवायानं टायर टाकून दिले. म्हणजे गाडी न बदलायचं कारण मीच झालो.

पाटलाचा पोट्टा
@तुरीच्या शेंगा भाऊ, एक विचारतो. ती ८०० विकली तेव्हा नावावर करून दिली होती का?

तुरीच्या शेंगा
बाबांनी विकली होती. केली असेल ना. काहून?

पाटलाचा पोट्टा
आमची ओम्नी होती. ओळखीच्यानंच घेतली, सही केलेले मालकी बदलायचे २९ अन् ३० नंबरचे फॉर्म देऊन दिले, तो म्हणे आठ दिवसात करतो. तीन वर्षांनी काकांले वर्ध्याकडच्या ठाण्यातून फोन, तुमच्या गाडीत देशीच्या पेट्या सापडल्या, या. वर्धा जिल्हा दारूबंदीचा अन् आमचे काका माळकरी! गाडी कोणाच्या हातात आहे ते नंतर, कागदावर नाव ज्याचं त्याले पहिले बोलावते. अपघात झाला तरी तसंच, अन् इन्शुरन्स नसला तर विचारूच नका. स्टँप पेपर, जुने फॉर्म, सगळं घेऊन काका चार चकरा मारून आले. माळ काढून ठेवू का म्हणे ठाण्यात जाताना, बरं दिसत नाही.

खामगावची सून
अरे देवा 😂 बिचारे काका

मोर्शीची संत्री
याच्यासाठीच मालकाचं नाव दाखवणाऱ्या अॅपवर गाडीचा नंबर टाकून पाहायचा असतो महिन्याभरानं. आणि अजून एक, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विकताना विमा कंपनीकडून पत्र घेतलं तर नव्या गाडीच्या विम्यात लागतो, ५० टक्क्यांपर्यंत. मी नाही घेतलं, अर्थातच.

गोठ्यातली मांजर
लिहू की नको म्हणत होते. आमचे बाबा २०१९ ला गेले. गाडी तशीच ठेवली, आई म्हणे विकायची नाही. चालवणारं घरी कोणी नाही, मी पुण्याला, दादा नागपूरला. आधी शेजारचा मुलगा रविवारी चालू करून ठेवायचा, मग त्याला नोकरी लागली. बॅटरी गेली, टायर बसले, खाली कुत्रीनं पिल्लं घातली. आई पिल्लांना दूध द्यायची अन् गाडीवर टॉवेल मारायची, रोज. चार वर्षं. शेवटी आईच म्हणाली, उभी उभी सडून राहिली, तुझ्या बाबांले असं आवडलं नसतं. ट्रकवर चढवून नेली. आधी डॅशबोर्ड रिकामा केला तर त्यात अडकित्ता, अर्धी सुपारी अन् जिनिंगची काटापावती, मागं बाबांच्या अक्षरात हिशेब, ड्रायव्हर चहा १०. अडकित्ता आईनं घेतला. पावती माझ्याकडे आहे.

चांद्याचा उन्हाळा
ताई 🙏

धामणगाव पॅसेंजर
माझ्या बाबांचा चष्मा सापडला होता तसा. दोन दिवस घरात कोणी हलवला नाही.

एक वाचक
कुत्रीच्या पिल्लांचं काय झालं?

गोठ्यातली मांजर
एक आहे अजून, आईजवळच. नाव बंपर.

कचेरीतला
@तुरीच्या शेंगा, तुमच्यासाठी: पासिंगला नेण्याआधी खालचा पत्रा दाखवून घ्या, जॅक घुसतो तिथं मार लागला तर माणूस वाचवायला पत्राच उरलेला नसतो. अन् नंबरप्लेट नवी बसवली का? एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना लागते, कारला ७४५ अधिक जीएसटी. ठेवायची नसेल तर तो खर्च कशाला. अधिकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर दाखला मिळतो, त्यावर नव्या गाडीच्या करात सूट असते, पण सुट्या भागांच्या मोहानं आधी बाहेर विकू नका, दाखला त्यांचाच लागतो.

तुरीच्या शेंगा
सगळ्यांचे आभार. मॅट उचलून पाहिली. पॅसेंजर भाऊ बरोबर म्हणत होते, ब्रेक मारायच्या पायाच्या बाजूनं अंगणातली फरशी दिसते. बाबांले बोलावून दाखवलं. ते वाकून बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणे, "पोळ्यापर्यंत ठेवू." मी हो म्हटलं. तोवर शेताशिवाय कुठं न्यायची नाही, एवढं कबूल करून घेतलं.

अन् ती ८००, अॅपवर नंबर टाकला. मालकाचं नाव अर्धं चांदण्यांनी झाकलेलं येते, पण पहिलं अन् शेवटचं अक्षर आमचंच आहे 😐 म्हणजे २००९ पासून त्या मेथीवाल्यानं काहीच केलं नाही. बाबांले सांगितलं, मले वाटलं घाबरतील, काकांची ठाण्याची गोष्ट पण वाचून दाखवली. तर चेहरा एकदम खुलला. म्हणे, "मंग ते गाडी आपलीच आहे की बे. पुढच्या बाजारी लवकर जाऊ."

पाटलाचा पोट्टा
फॉर्म घेऊन जा सोबत!! बाबांले गाडीजवळ जाऊ देऊ नका.

वऱ्हाडी जवाई
अन् टायरचे आकडे पाहून ये.