बेसाल्ट आहे, पण पाण्याचं काय?

वर एकाने लिहिलंय की आइसलँडसारखा परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतला कार्बन डायऑक्साईड आपल्याच काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, जिरवायचा, तेल-गॅसच्या विहिरींवर काम करणाऱ्या संशोधकांनी तेच तंत्र इकडं वळवावं. रसायनशास्त्र बरोबरच आहे. आमच्याकडं विहीर खणताना मांजऱ्या खडक लागतो ना, त्याच्या भोकाभोकांत पांढरे स्फटिक भरलेले असतात, त्यातले काही कॅल्साइटचे, म्हणजे खडकातलं कॅल्शियम आणि पाण्यात विरघळलेला कार्बन मिळून झालेला दगडच, आणि आइसलँडचे कार्बफिक्स प्रकल्पवाले वायू जमिनीखाली सोडून मुद्दाम हेच घडवून आणतात. २०१२ला सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून जास्त दोन वर्षांच्या आत दगड झाला असं त्यांनी २०१६ला छापलं.

पण त्यांची पद्धत वायू पाण्यात विरघळवून सोडायची आहे, एका टनाला साधारण २५ टन पाणी! परळीचे संच २०१५ला पाण्यावाचून बंद ठेवावे लागले, पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, मग एवढं पाणी कुणाच्या तोंडचं काढायचं? बिनपाण्याचं करायचं तर वायू दाबाखाली घट्ट राहायला साधारण ८०० मीटर खोली लागते, आणि भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं तेव्हा ३३८ मीटरवरच बेसाल्ट संपला, खाली थोडा गाळाचा थर आणि मग जुना ग्रॅनाइटी खडक. पश्चिमेला सह्याद्रीकडं बेसाल्टचा थर जाड होत जातो, त्यामुळं जागा शोधायचीच तर आधी तिकडं शोधा.